मगरिबनंतरचा डाव

अर्चना वानखडेचा घसा दीड महिना बसलेला होता. नवरा रोज सांगायचा, हळदीचं दूध घे, आणि ती रोज निमूट घ्यायची. पण दुधानं काय होणार? बोलणं थांबलं तर घसा सुटेल ना! आणि बोलणं थांबलं की तल्हा संपला, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

अर्चना अमरावतीची. उमेदीत सॉफ्टबॉल खेळली, मग वर्षानुवर्षं शाळेत पीटी शिकवली. नवरा प्रसाद सौदीतल्या हुफूफच्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ, म्हणून ती इथं आली आणि घरात बसून बसून विटली. तेवढ्यात इथल्या एका क्लबानं अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक संघ काढला. पोरांना चेंडू फेकायला शिकवणारं कुणीतरी हवं होतं. फेकणं ते फेकणं, चेंडू गोल असो की लांबुळका, असं म्हणून तिनं नोकरी धरली. आता वाटायचं, कुठून ही अवदसा आठवली!

या खेळात सगळं एका माणसाभोवती फिरतं. त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. डाव सुरू झाला की चेंडू त्याच्या हातात येतो, त्याचे चारपाच गडी पुढं पळत सुटतात, आणि त्यातला मोकळा कोण ते दोनतीन सेकंदांत हेरून त्यानं त्याच्याकडे चेंडू फेकायचा. तेवढ्या वेळात समोरून दांडगे गडी त्याला आडवा करायला येतच असतात. नजर फिरली नाही तर फेकता येत नाही, आणि फेकलं नाही तर हाडं मोडतात.

तल्हा हा हुफूफचा क्वार्टरबॅक. रायगडातल्या म्हसळ्याचे हुसेनमियाँ इथं बायकांच्या अबायांचं, म्हणजे बुरख्यांचं, दुकान चालवतात, त्यांचा मुलगा. इथंच जन्मला, इथंच वाढला, दोन वर्षं अमेरिकेत कॉलेजच्या संघात बाकावर बसून परत आला. हात म्हणजे काय हात होता पोराचा! मैदानाच्या या टोकावरून फेकलेला चेंडू पलीकडच्या गड्याच्या छातीवर जाऊन बसायचा. पण खरा सामना सुरू झाला की याचे पाय जागीच रुतायचे. मोसमाचे पहिले सामने त्यानं असे घालवले की लोक त्याला नावं ठेवून दमले. अमेरिकन कोच ब्रॅनन हेल्मेटमधल्या स्पीकरवरून त्याच्या कानात ओरडायचा, आणि ओरडलं की पोरगा आणखी गोठायचा. शेवटी कोचनं वैतागून माइक अर्चनाच्या हातात दिला. "तुमच्या भाषेत शांत कर त्याला," म्हणाला.

आधी ती खरंच शांतच करत होती. श्वास घे बाळा, घाई नको, खांदा सैल सोड. ती बसायची वर, काचेच्या खोलीत, तिथून सगळं मैदान दिसायचं. एका डावात हाशिर नावाचा त्यांचा गडी डावीकडे एकटाच पळताना तिला दिसला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "हाशिर! डावीकडे हाशिर!" तल्हानं फेकला, हाशिरनं झेलला, गुण मिळाले. झालं! त्या दिवसापासून ती बघायची आणि तो फेकायचा. संघ जिंकायला लागला. पोरगा तयार झाला, असं गावभर झालं.

शाळेत असताना दहावीच्या परीक्षेला खिडकीतून चिठ्ठ्या फेकणारे मामे-काके अर्चनानं हातात छडी घेऊन पळवले होते. आता तीच कॉपी पुरवत होती, तीही पगार घेऊन.

मग जिझानच्या संघाशी सामना झाला आणि ऐन खेळात तल्हाच्या हेल्मेटमधला स्पीकर बंद पडला. वर अर्चना घसा फाडून सांगतेय, खाली त्याला काही ऐकू येत नाही. तो चेंडू छातीशी धरून उभा राहिला, तिच्या आवाजाची वाट बघत. नूरैन त्याच्या समोर दहा पावलांवर मोकळा होता, हात हलवत होता. तल्हाला तो दिसला नाही, कारण तो बघतच नव्हता. बाजूनं आलेल्या गड्यानं त्याला असा उडवला की अर्चना काचेला जाऊन भिडली. पोट्टा गेला, असंच वाटलं तिला. बरगड्यांवर निभावलं, पण त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कोचकडे गेली. "आता त्याचं त्याला बघू दे. हरलो तर हरलो."

कोचनं नाही म्हणून मान हलवली. पुढच्या गुरुवारी अमेरिकेतल्या एका संघाचा स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, फक्त तल्हाला बघायला येत होता. "तो येऊन जाऊ दे, मग काय करायचं ते कर."

"पण तिकडे डाव सुरू व्हायच्या आधीच कानातला आवाज बंद करतात. आपल्या लीगनं अजून तसा नियम केला नाही, म्हणून इथं चाललंय. तिकडे हा काय करेल?"

"तिकडचे तिकडे बघतील," कोच म्हणाला आणि फोन कानाला लावला.

बुधवारी सरावाला हुसेनमियाँ स्वतः आले. बायकोनं, हाजरानं, केलेली सांदणं डब्यात घालून आणली होती. त्यांना घरात सगळं ठाऊक होतं. "मॅडम, एवढा एक सामना बोला. मग जन्मात बोलू नका, मी अवाक्षर काढायचा नाय. पोराच्या नशिबाला दार उघडतंय, तुमी आडव्या होऊ नका."

"हुसेनमियाँ, तिथं याला कुणी मारलं तर?"

"आधी जाऊ तर द्या!" त्यांचे डोळे भरून आले होते.

मागे तल्हा उभा होता. "प्लीज मॅम. जस्ट टुमारो. उसके बाद मैं सीख लूँगा ना."

अर्चनाला भांडायचा कंटाळा आला होता. दीड महिना बोलून बोलून तिच्यात काही उरलंच नव्हतं. "बरं बावा, बोलते," ती म्हणाली आणि डबा घेऊन घरी गेली.

गुरुवारी दुपारी, अस्रच्या नमाजानंतर, सामना सुरू झाला. ती बोलत गेली, तो फेकत गेला. उजवीकडे. हाशिर. थांब, थांब, आता नूरैन. एकही डाव वाया गेला नाही. खाली हुसेनमियाँ उभ्या उभ्या दुआ करत होते आणि प्रेक्षक तल्हाच्या नावानं ओरडत होते. सूर्य मावळून मगरिबची बांग झाली तशी अर्ध्या वेळची सुट्टी झाली. खेळाडू मैदानाच्या कडेला नमाजाला उभे राहिले.

तेवढ्यात काचेचं दार ढकलून स्काउट आत आला. पिकल्या मिशांचा, सभ्य माणूस. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि खाली तल्हाकडे बघत म्हणाला, "इतक्या लवकर इतकं बघणारा मुलगा मी फार दिवसांत पाहिला नाही. कानात काय सांगता तुम्ही त्याला?"

धीर देते, एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी जिभेवर होते. एक शब्द बोलली की सगळे सुखी होणार होते, आणि तिलाही घरी जाऊन झोपता आलं असतं. खाली तल्हा नमाज संपवून उठत होता. उठताना त्यानं बरगडीवर हात दाबला. अर्चनाला त्या पोराची भयंकर माया आली आणि स्वतःची लाज वाटली.

"कुणाकडे फेकायचं ते सांगते," ती म्हणाली.

"कधीकधी?"

"दर वेळी." तिनं हेडसेट काढून टेबलावर ठेवला. "आता बघा."

सुट्टीनंतरच्या पहिल्याच डावात तल्हा उभाच राहिला आणि आडवा झाला. दुसऱ्यात त्यानं डोळे मिटल्यासारखा चेंडू फेकला, तो सरळ समोरच्या संघाच्या हातात. पुन्हा डाव आला तेव्हा त्यानं हेल्मेटवर दोनदा थापटलं आणि वर काचेकडे पाहिलं. बोला ना, असं त्याचं सगळं अंग म्हणत होतं. हुसेनमियाँही वळून वर बघायला लागले, दोन्ही हात जोडून. अर्चनानं हात मांडीखाली दाबून धरले. टेबलावरचा फोन वाजायला लागला, कोचचा असणार. तिनं उचलला नाही.

स्काउट आणखी थोडा वेळ बसला. मग जाकीट उचलून उभा राहिला. "हात चांगला आहे," म्हणाला, आणि गेला. थोड्या वेळानं हुसेनमियाँही मान खाली घालून फाटकाकडे चालायला लागले.

तल्हा मात्र पडत होता आणि उठत होता. आता त्यानं वर बघणं सोडलं होतं. सामना हातातून गेलेला, बाकं रिकामी होत आलेली, आणि शेवटचे काही डाव उरलेले. हाशिर डावीकडे पळाला. "हाशिर, हाशिर," अर्चना स्वतःशीच पुटपुटली. तल्हानंही तिकडे पाहिलं, पण हाशिरला दोघांनी घेरलं होतं. समोरचा दांडगा गडी अंगावर आला. आणि तल्हाची मान वळली! मधे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि त्यानं चेंडू सोडला. कडेला नूरैन होता. त्यानं तो पोटाशी धरला आणि पाचसात पावलांत तोही पडला. कुणी टाळीही वाजवली नाही. काचेच्या खोलीत अर्चना खुर्चीवरून उठून बसक्या आवाजात ओरडत होती.

सामना हरलाच. सगळे निघून गेल्यावर तल्हा कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. ती आली तसं त्यानं विचारलं, "हेडसेट बंद पडला होता ना?" त्याला हो ऐकायचं होतं.

"नाही. मीच काढून ठेवला. आणि त्या माणसालाही मीच सांगितलं."

त्यानं बुटाची नाडी ओढून सोडली. मग म्हणाला, "यू फिनिश्ड मी, मॅम."

"जिझानला तू पडलास ना, तेव्हा मला वाटलं तू गेलास."

"जाने देतीं!" तो ओरडला. मग त्यानं तोंड फिरवलं आणि हळूच विचारलं, "वो लास्टवाला देखा आपने?"

"पाहिला."

"स्काउटनं?"

"तो गेला होता."

"अब्बांनी?"

"तेही."

"तुम्ही बघून काय फायदा, मॅम?"

ती आत जाऊन बर्फाची पिशवी घेऊन आली आणि त्याच्या खांद्यावर धरून शेजारी बसली. त्यानं हात झटकला नाही. बर्फाचं पाणी तिच्या बाहीत शिरायला लागलं, तरी दोघं तशीच बसून राहिली.

"नूरैन तुम्हाला कधी दिसला?" त्यानं जमिनीकडे बघत विचारलं. "माझ्या आधी?"

"नाही रे," अर्चना म्हणाली. "मला दिसलाच नव्हता. मी हाशिरच म्हणत होते."

तल्हानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.