पाचवा लावला की आलोच!

मित्रांनो, मी एक जुना गिअरबॉक्स आहे. नाक मुरडू नका. गाडीत बसलात की तुम्ही काचा बघता, रंग बघता, गाणी लावता. पायाखालच्या अंधारात तेलात बुडून कोण राबतंय, हे तुमच्या गावीही नसतं.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेला धातू साच्यात ओतून माझं अंग घडवलं आणि आत दातेरी चाकं बसवली. पुढे जायला पाच गिअर, मागे यायला एक. त्यातला पाचवा माझा लाडका. चौथ्यापर्यंत इंजिन धापा टाकत असतं. पाचवा लावला की चाकं तेवढ्याच वेगानं पळतात, इंजिन मात्र निवांत होतं. ह्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. तो कामाचा फक्त लांबच्या, मोकळ्या रस्त्यावर. मला तपासणारा माणूस सहकाऱ्याला म्हणाला होता, "ह्याचा पाचवा काय गोड लागतो, बघ!" मी नुसता फुगून गेलो होतो.

आणि नशीब बघा, मला बसवलं बेकरीच्या गाडीत! गल्लीत शिरायचं, दुकानापाशी थांबायचं, पाव उतरवायचे, पुन्हा पहिला, पुन्हा दुसरा. फार झालं तर तिसरा. वर्षानुवर्षं हेच. गाडी चालवायचे ते पाववाले काका. माणूस भला. क्लच पुरता दाबल्याशिवाय त्यांनी माझ्या दांडीला कधी हात लावला नाही. त्यांची धाकटी बहीण फार दूरच्या गावी दिलेली. तिचा फोन आला की काका गाडी बाजूला घेत.

"दादा, कधी येतोस रे?"

"येतो गं ठमे. एकदा पाचवा लावला की आलोच बघ!"

फोन ठेवून ते दांडीच्या मुठीवर थोपटत आणि पहिला टाकत. मला वाटे, आज नाही तर उद्या. तो उद्या काही उगवला नाही.

मग बेकरी बंद पडली आणि गाडी भंगारात निघाली. ज्या इंजिनाशी माझी जन्माची गाठ, ते काढून कुठेतरी नेलं. मला गॅरेजच्या फळीवर टाकलं. मित्रांनो, एकटेपण काय असतं ते मला विचारा. खाली गाड्या येत, बऱ्या होत, निघून जात. माझ्या आत तेल नव्हतं, पुढे इंजिन नव्हतं, मागे चाकं नव्हती. अंगभर धूळ, आणि डोक्यावर कुणीतरी ठेवून दिलेला फुटका आरसा. वाईट वाटायचं हो, फार वाईट वाटायचं.

एक दिवस ओळखीचा खोकला ऐकू आला. काका! पाठ वाकली होती. त्यांच्या स्वतःच्या जुन्या मोटारीचं इंजिन जाम झालं होतं. गॅरेज चालवणाऱ्या बाईला सगळे बॉस म्हणतात. तिनं दुसरं दणकट इंजिन शोधून ठेवलं होतं. घोडं अडलं होतं गिअरबॉक्सपाशी. मोटारीतल्या चार गिअरच्या गिअरबॉक्सला त्या इंजिनाचा जोर सोसणार नव्हता.

"काका, नवा सहा गिअरचा टाकू," बॉस म्हणाली. "पण तो लांबीला मोठा. दांडी तुमच्या सीटखाली येईल. पत्रा कापावा लागणार, दोनेक महिने धरून चाला."

"तेवढी सवड नाही गं पोरी. बहीण माणसं विसरायला लागलीय. मला विसरायच्या आत पोचायचंय." मग त्यांची नजर फळीवर गेली. "हा आपल्या पावाच्या गाडीचा ना?"

"तो? अहो, त्याचा जन्म गल्लीबोळात गेला. खुळखुळा झाला असेल."

"पहिला-दुसरा झिजला असेल. पाचवा मी कधी लावलाच नाही."

बॉसनं मला खाली उतरवलं, उघडलं, आत बॅटरी मारली. "अगं बाई! पाचवा कोरा करकरीत आहे की!" इंजिन माझ्याच जातकुळीचं निघालं, बोल्ट बिनबोभाट बसले आणि दांडी बरोबर जुन्या भोकातून वर आली. तिनं झिजलेले भाग बदलले, ताजं तेल भरलं. कोरड्या अंगात तेल उतरलं तेव्हा मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

मोकळा रस्ता लागला. तिसरा. चौथा. काकांनी क्लच दाबला आणि पाचवा लावला. इंजिनाची धाप बसली. गाडीत इतकी शांतता झाली की काकांचा हुंदका मला ऐकू आला.

"जमलं की रे तुला!" ते म्हणाले.

बहीण अंगणात खुर्ची टाकून बसली होती. काका दार उघडं टाकूनच उतरले.

"ठमे, आलो बघ."

तिनं निरखून पाहिलं. "कोण आपण?"

"अगं, मी. दादा."

"दादा यायचाय अजून," ती हसून म्हणाली. "पाचवा लावला की येतोच, म्हणालाय. बसा ना तुम्ही. येईलच तो इतक्यात."

काका शेजारच्या खुर्चीवर बसले. दोघं मिळून रस्त्याकडे बघत राहिली. मी फाटकाशी उभा होतो, तेल अजून गरम होतं. लावला हो पाचवा, लावला, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण इंजिन बंद असलं की मला आवाज नसतो.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना पुसा, वेळेवर तेल घाला, हे मी सांगायला हवं. तेही कराच. पण दूर कुणी तुमची वाट बघत असेल, तर गल्लीतल्या फेऱ्या उद्यावर टाका. आज निघा.