पडत्या भावाची मशीन

आश्रुबा धडधाकट जनावर कधी विकत घेत नसे. गेवराईच्या आसपासच्या सगळ्या बाजारांत तो त्यासाठीच ओळखला जायचा. उन्हाळा तापला, चारा संपला, की लोक शेळ्या बाजारात आणून उभ्या करत आणि ऊन उतरेपर्यंत गिऱ्हाईक मिळालं नाही की येईल त्या भावात सोडून देत. तेव्हा आश्रुबा बाजाराच्या कडेकडेनं हिंडायचा. लंगडी, खरजुली, पोट पाठीला लागलेली एखादी शेळी दोरीला धरून घरी यायचा. त्याची बायको साखराबाई कपाळावर हात मारून घ्यायची. मग बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला, मक्याचा भरडा, खुराला हळद-तेल. आखाडात मटणाला मागणी आली की तीच शेळी अशा भावानं जायची की जुन्या मालकानं तिला ओळखू नये.

आश्रुबा गेला त्याला आता दोन महिने होत आले होते आणि त्याचा मुलगा बजरंग त्याच हिशेबानं व्हिडिओ गेमच्या मशीन घ्यायला निघाला होता.

त्याची मोठी बहीण सत्यशीला बीडहून रविवारी आली तेव्हा तो अंगणात तिची वाटच बघत होता. ती बीडला हायस्कुलात शिकवायची. आबा आजारी पडल्यापासून दर सुट्टीला गावी यायची सवय लागली होती आणि आबा गेल्यावरही ती सुटली नव्हती. बजरंगनं तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"अक्का, लई भारी सौदा हाय. मोठ्या कंपनीची मशीन. टीव्हीला जोडायची, दोघं-दोघं खेळतेत. बाहेर आली तवा हात लावायची सोय नव्हती. आता भाव निम्म्याच्या निम्म्यावर आलाय. आठ घेतल्या तर भारतशेठ अजून तोडून देतो म्हणलाय. हायवेला गाळा बघून ठेवलाय मी. पोरं अर्ध्या-अर्ध्या घंट्याचे पैसे देतेत."

"भाव का पडला?"

"कावून म्हंजी? पडला म्हंजी पडला. पडत्या भावातच घ्यायचं असतंय. आबानं जन्मभर काय केलं मग?"

चुलीपाशी बसलेली साखराबाई मान वर न करता म्हणाली, "तिला खरं काय ते सांग. शेळ्या इकायच्यात म्हणून सांग."

खरं ते एवढंच होतं. सत्यशीलाच्या जन्मावेळी आबानं एक पाट, म्हणजे कोवळी मादी शेळी, तिच्या नावानं सोडली होती आणि तिच्या डाव्या कानाला खाच पाडली होती. पुढं बजरंग झाला तेव्हा त्याच्या नावच्या पाटीचा उजवा कान. या दोघींच्या पोटी जे जन्मलं त्याच्या कानाला आईच्या बाजूची खाच पडत गेली. सत्यशीलाचं सगळं शिक्षण डाव्या कानावर झालं. लग्नात आबा तिच्या शेळ्या तिच्याबरोबर पाठवायला निघाला तेव्हा सासरची माणसं हसली होती. बीडच्या दुसऱ्या मजल्यावर शेळ्या कुठं बांधायच्या? त्या इथंच राहिल्या, पण तिच्याच राहिल्या. तिच्या होकाराशिवाय डावा कान बाजारात जात नसे. बजरंगच्या उजव्या कानात चारच मशीन बसत होत्या.

"आधी दुकान बघू," ती म्हणाली.

जायच्या आधी तिनं फोनवर वाचून काढलं. त्या कंपनीनं या मशीनसाठी नवे गेम काढायचं थांबवलं होतं. दुकानदार उरलेला माल काढून टाकत होते. काही लोकांनी लिहिलं होतं की स्वस्तात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही. आहेत ते गेम चांगले आहेत, घरी एखाद्याला दोन-तीन वर्षं पुरतील. काहींनी लिहिलं होतं की हाताचं रिमोट बिघडलं तर आता दुसरं मिळत नाही. दोन्ही बाजू तिला पटल्या. घरात ठेवायला घेणं वेगळं आणि त्याच्यावर पोट लावणं वेगळं.

भारतशेठचं दुकान हायवेलाच होतं. काचेच्या दारामागं गारवा आणि मोठ्या पडद्यावर पळणाऱ्या गाड्या. भारतशेठनं खुर्ची पुसून दिली.

"या म्याडम. बजरंग म्हणला होता, आमची अक्का शिकलेली हाय, ती बघितल्याबिगर होय म्हणायची न्हाई. बघा, कंपनीचं सील. वारंटी सहा महिने. एवढ्या भावात अशी मशीन परत मिळायची न्हाई."

बजरंगनं रिमोट हातात घेतलं. पडद्यावरची गाडी वळणावर सुसाट गेली. तो लहानपणी हसायचा तसा हसला. आबा गेल्यापासून त्याला हसताना तिनं पहिल्यांदाच बघितलं आणि क्षणभर तिला वाटलं, द्यावा होकार, जाऊ द्याव्यात शेळ्या.

पण बाजारात आबा जनावराकडं आधी बघायचा नाही. विकणाऱ्याला पाणी मागायचा, बिडी द्यायचा, त्याच्या घरी दावणीला काय बांधलंय ते बोलता बोलता काढून घ्यायचा. माणूस स्वतःसाठी काय ठेवतो ते कळलं की तो काय विकतोय ते कळतं, असं त्याचं गणित होतं.

"शेठ, तुमची मुलं केवढी आहेत?"

"दोन पोरं हायत. एक दहावीला, एक बारकं."

"खेळत असतील की."

"दिवसभर! जेवायला उठत न्हाईत."

"घरी हीच मशीन आहे का?"

भारतशेठ हसला. हसताना त्यानं बजरंगकडं बघितलं नाही. "आता म्याडम, पोरांचं काय असतंय, शाळेतल्या पोरांकडं जी हाय तीच पायजे म्हणतेत. आमच्याकडं दुसऱ्या कंपनीची हाय. महाग हाय ती. धंद्याला ही बरी."

पडद्यावरची गाडी कठड्याला धडकून उलटी झाली. बजरंगनं रिमोट काउंटरवर ठेवलं.

दोघं मोटारसायकलवरून घरी परतली. बजरंगनं अंगणात गाडी लावली आणि तो वळला.

"कावून इचारलं तू त्याला तसं? गिऱ्हाइकासारखं भाव करायचा का त्याच्या घरात शिरायचं?"

"आबा तेच विचारायचा."

"आबा काय करायचा ते मला नको सांगू. आबासंगं बाजाराला मी गेलतो. तू न्हाई."

"गेला होतास तर लक्ष कुठं होतं? आबा लंगडी शेळी आणायचा, कारण तिचा पाय बरा होणार असायचा. भरडा घातला तर अंगाला लागणार असायचा. या मशीनला काय घालणार आहेस? तिला जन्म देणाऱ्यांनीच तिचं दावं सोडलंय. नवा गेम येणार नाही, सुटा भाग येणार नाही. पोरं सहा महिने येतील आणि मग पलीकडच्या गाळ्यात जातील. घरी एखादी घ्यायची असली तर घे, खेळ. मी पैसे देते. धंद्यासाठी नको."

"खेळायला घे म्हणती! मी काय बारकं हाय का?" बजरंगचा आवाज चढला. "काय करू मग? जन्मभर शेळ्यामागं हिंडू? पोरगी द्यायला कुणी तयार न्हाई. शेळ्या राखतो म्हणलं की उठून जातेत. तुला बरंय. तुझा डावा कान शाळेत गेला. माझा उजवा कान इथंच राहिला."

हे खोटं नव्हतं. म्हणून सत्यशीला गप्प बसू शकली असती. पण दोन महिने घशाशी अडकलेलं तिच्या तोंडातून बाहेर पडलं.

"बंद पडलेल्या मशीनसाठी सगळी दावण सोडायला निघालास. आबाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा एक शेळी नाही सुटली दाव्याची. डॉक्टर म्हणत होते, डायलिसिस चालू करू, काही वर्षं काढतील. तेव्हा कुठं होता हा हिशेब?"

साखराबाईच्या हातातलं सूप थांबलं.

"सुटल्या होत्या," बजरंग म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "टेम्पो आणला होता मी, गेल्या साली. संक्रांतीच्या आधी. उजव्या कानाच्या सगळ्या चढवल्या. आबा काठी टेकत आला अन् टेम्पोचा मागचा फाळका खाली पाडला. म्हणला, बज्या, पडत्या भावात जनावर घ्यावं, पण दात बघून. माझे दात झिजलेत. घातलेलं अंगाला लागायचं न्हाई. उतरव."

"आणि तू उतरवल्यास."

"उतरवल्या."

"पुन्हा चढवाव्यात असं वाटलं नाही?"

"बापानं न्हाई म्हणलं."

"एकट्यानं न्हाई उतरवल्या त्यानं," साखराबाई सुपाकडं बघत म्हणाली. "मीबी हात दिला."

सत्यशीलाला तो टेम्पो दिसला, खाली पडलेला फाळका दिसला, एकेक शेळी उतरून आपल्या जागेवर जाऊन उभी राहताना दिसली. बाजारात आश्रुबानं एकदा जनावराची किंमत सांगितली की कुणी वाद घालत नसे. घरातही कुणी घातला नव्हता. त्यानं सांगितलेली किंमत दोघांनी मान्य केली होती आणि त्यांना, तिनं मनाशी कबूल केलं, थोडं सुटल्यासारखंही वाटलं असणार.

"माझ्या शेळ्या विकायच्या नाहीत," ती उठत म्हणाली. "शेजारची चतुराबाई तिच्या शेळ्यांबरोबर चारील. तिची मजुरी मी देईन."

"दे. मी माझ्या इकीन."

"वीक."

पुढच्या बाजाराला बजरंगनं उजव्या कानाच्या सगळ्या शेळ्या विकल्या. त्यांच्याबरोबर एक बिनखाचेची शेळीही नेली होती. खाच घरी जन्मलेल्यांनाच पडायची. विकत आणलेली जनावरं विकण्यासाठीच असायची. आबानं गेल्या उन्हाळ्यात, पाय सुजलेले असताना, चतुराबाईच्या नवऱ्याच्या गाडीवर मागं बसून जाऊन ती आणली होती. त्यानं आणलेलं शेवटचं जनावर. वर्ष होत आलं तरी ती अंगानं भरली नव्हती. व्यापाऱ्यांनी तिचं तोंड उघडलं, दात बघितले आणि पुढं गेले. फुकटच्या भावातही कुणी घेतली नाही. बजरंग तिला परत घेऊन आला.

त्या पैशात चार मशीन आल्या. हायवेच्या गाळ्याला शटर बसायचं होतं, म्हणून खोकी शेडात ठेवली, उजव्या बाजूला, रिकाम्या दावणीच्या जागी. पुढच्या रविवारी सत्यशीला आली तेव्हा ती बिनखाचेची शेळी खोक्यांपाशी उभी होती. पत्र्यावरून पडलेल्या पाण्यानं एका खोक्याचा कोपरा भिजून मऊ झाला होता. शेळी तो ओढून ओढून खात होती. आत पांढरं थर्माकोल दिसायला लागलं होतं.

"हाड! हाड!" बजरंग काठी घेऊन धावला. शेळी दोन पावलं बाजूला झाली आणि परत आली.

सत्यशीलानं तिला धरलं. दोन बोटांनी तिचा खालचा ओठ खाली ओढला. आबा करायचा तसं. दात मुळापर्यंत गेलेले, मधले दोन तर नव्हतेच. हे एका वर्षात झालेलं नव्हतं. बाजारात कुणीही बघितलं असतं तर दिसलं असतं.

"माय, ही आणली तेव्हा आबानं दात बघितले नव्हते का?"

साखराबाई दारात उभी होती. "बघितले की. चतुरीचा नवरा सांगत होता, तिथंच तोंड उघडून बघितलं. तो म्हणला, आबा, हिचं काय करता. तर काई बोलला न्हाई. घेतली." "भरडा भिजवून घालायचा तिला. कोरडा चावत न्हाई म्हणून. उठवत नव्हतं तरी सकाळी उठून भिजवायचा. मी म्हणायची, कशाला, ही काय उभी राहती का आता. तर नुसता माझ्याकडं बघायचा."

टेम्पोतल्या शेळ्या उतरवल्या त्या गेल्या वर्षीच्या संक्रांतीच्या आधी. ही आणली ती त्यानंतरच्या उन्हाळ्यात, झिजलेले दात बघूनही.

सत्यशीलानं बजरंगकडं बघितलं. त्यालाही कळलं होतं. त्याच्या हातातली काठी तशीच वर राहिली होती.

"मी घालतो भरडा," तो म्हणाला.

"आता कशाला?" ती म्हणाली, आणि शेळीला सोडून दिलं.

शेळी वळली. भिजलेल्या पुठ्ठ्याला तोंड लावून हळूहळू ओढायला लागली. तिला या वेळी कुणी हाकललं नाही.