मागणं नसलेलं गाऱ्हाणं

आमच्या गावात गाऱ्हाणं घालावं ते भाईंनीच. भाई म्हणजे आमचे हे. खरं नाव वेगळं आहे, पण ते रेशनकार्डापुरतं. रवळनाथाची जत्रा असो, कोणाची नवी होडी पाण्यात सोडायची असो, नाहीतर मुंबईला निघालेल्या पोराची नोकरी टिकावी म्हणून नारळ ठेवायचा असो, देवासमोर उभं राहून सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम यांचं. हे एकेक वाक्य म्हणणार आणि मागे जमलेली माणसं 'होय म्हाराजा' म्हणणार. मी मसुऱ्याची. माहेरी गाऱ्हाणी पुष्कळ ऐकली होती. पण भाईंचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं, या माणसाला नाही म्हणायला देवालाही जड जाईल. लग्नाला होकार द्यायला मला तेवढं पुरलं.

तो आवाज यंदा उन्हाळ्यात बसला. आधी वाटलं, आंब्याच्या कलमांवर फवारणी करताना औषध घशात गेलं असेल. गणपतीला आरती म्हणता येईना. दसऱ्याच्या सुमारास गोव्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गाठ वाईट आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. काढलं तर माणूस चांगला जगेल, पण बोलणार नाही. उशीर केला तर आवाजही जाईल आणि माणूसही.

मी नाही म्हटलं. डॉक्टरांच्या तोंडावर नाही म्हटलं. माझं तोंड गावात प्रसिद्ध आहे, गोव्यातही झालं.

भाई परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "तू होय म्हटलंस तरच मी जातलंय. आवाज माझो, पन ऐकलंस तो तू."

आमची मुलगी भक्ती कुडाळला असते. ती रोज फोनवर माझ्याशी भांडायची. "आये, शिर सलामत तर पगडी पचास. बाबांका वाचवचा की नाय?"

"तुझ्या बापाचो आवाज ही पगडी न्हय," मी म्हणायचे. "ताच तेंचा शिर."

मला माहीत होतं, पोरगी बरोबर बोलते. पण मुका नवरा मला डोळ्यांसमोर आणवेना. हा माणूस गोठ्यात गुरांशी बोलतो, पडवीत वाऱ्याशी बोलतो. गप्प झाला तर तो उरला कुठे? मग मी ठरवलं की डॉक्टरांच्या वर जो आहे त्याच्याकडेच जायचं. जत्रा तोंडावर आली होती.

"जन्मभर लोकांसाठी मागलात," मी भाईंना म्हटलं. "बाबलीच्या म्हशीसाठीसुद्धा मागलात, आनि ती गाभण रवली. आता एकदा सोतासाठी मागा. देवाक सांगा, माझो आवाज राख."

"बघूया," भाई म्हणाले.

यांचं 'बघूया' म्हणजे 'नाही', हे इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला कळायला हवं होतं.

जत्रेच्या सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. भाईंच्या घशाचं सगळ्यांना ठाऊक होतं. आज भाई स्वतःसाठी मागणार, हेही ठाऊक होतं, कारण मीच गावभर सांगितलं होतं. ओटी भरायला आलेल्या बायकांनी मला पुढे वाट करून दिली. सत्यवान गुरवाने देवासमोर नारळ ठेवला, विडा मांडला आणि भाईंना खूण केली. भाई हात जोडून उभे राहिले. आवाज फाटका होता, पण मागच्या खांबापर्यंत पोचत होता.

"बा देवा रवळनाथा, दरवर्षी ह्या दिसाक मी तुझ्याकडे काय ना काय मागूक उभो रवतंय."

"होय म्हाराजा."

"आज मागूक नाय इलंय. आज जा दिलंस, तेच्यासाठी हात जोडूक इलंय."

"होय म्हाराजा."

मी मनात म्हटलं, सुरुवात असेल, शेवटी मागतील.

"वादळ इला, पडवेसमोरची कलमा आडवी झाली. तेवापासून पडवेत बसान खाडी दिसता. ती तूच दाखयलंस."

"होय म्हाराजा."

त्या कलमांच्या हापूसवर भक्तीचं शिक्षण झालं होतं. ती पडली तेव्हा मी बुंध्याला मिठी मारून रडले होते. आणि हा माणूस खाडी दिसते म्हणून देवाचे आभार मानत होता.

"दादान बांधावरसून भांडान माका कोर्टात उभो केल्यान. म्हणान चार लोकांत बोलूक शिकलंय. ता शिक्षण तुझा."

"होय म्हाराजा." माणसं हसली. थोरले दीर तिथेच उभे होते, त्यांनीही सवयीने 'होय म्हाराजा' म्हटलं आणि मग कान खाजवत राहिले. गाऱ्हाण्याचं असंच असतं. शब्द ऐकायच्या आधी जीभ होय म्हणून मोकळी होते.

"आमचो पयलो झील," भाई म्हणाले. "थोडेच दिस रवलो. पन आमच्या घरात इलो, आवशीच्या मांडयेर निजलो. ते दिस तू दिलंस, देवा. तेच्यासाठी हात जोडतंय."

"होय म्हा..." एवढं होऊन आवाज तुटले. ज्यांनी पूर्ण म्हटलं ते खाली बघू लागले.

माझ्या अंगाची लाही झाली. त्या पोराचा विषय आमच्या घरात निघत नाही. मी काढू देत नाही. आपल्याला भाऊ होता हे भक्तीला शाळेत दुसऱ्या कोणाकडून तरी कळलं होतं. आणि यांनी तो भरल्या देवळात काढला, तोही आभार मानायला. देवाने नेला त्याबद्दल मी आयुष्यभर देवाशी भांडले. दिला होता हे एकदाही म्हटलं नव्हतं.

भाई थांबले नाहीत. "आता ह्या घशाचा दुखना. आवाज तू दिलंलंस, तो मी पुरेपूर वापरलंय. तुझ्यासमोर वापरलंय, गावासाठी वापरलंय, बायलेवांगडा भांडाक वापरलंय. आता तुका तो परत होयो आसात तर माझी तक्रार नाय."

कोणी होय म्हणेना. म्हणणार कसं? त्या शांततेत सत्यवान गुरव पुढे झाला आणि हळूच म्हणाला, "भाई, मागण्याशिवाय गाऱ्हाणा पुरा होवचा नाय. कायतरी माग."

भाई मागे वळले. माझ्याकडे बघून म्हणाले, "मागणा हिचा आसा. हीच सांगात."

आमच्या देवळात बाईने गाऱ्हाणं घातल्याचं मला आठवत नाही. पण कोणी अडवलं नाही. मी उभी राहिले. काय मागायचं ते माझं दसऱ्यापासून पाठ होतं. आवाज राख. दोनच शब्द. तोंड उघडलं आणि मला ते पोर आठवलं. मांडीवरचं त्याचं वजन आठवलं. तो निजला की पाय बधिर व्हायचा, पण मी हलायची नाही. त्याचे आणखी थोडे दिवस मिळाले असते तर मी त्याला कसाही घेतला असता. मुका, आंधळा, लंगडा, कसाही. एक शब्द न बोलता आयुष्यभर नुसता घरात बसला असता, तरी मी रोज देवाला दिवा लावला असता. त्या वेळी मला कोणी विचारलं नाही. आता विचारत होते. डॉक्टर विचारत होते, भक्ती विचारत होती, हा समोरचा माणूस डोळ्यांनी विचारत होता. आणि मी बाजारात मासे घ्यायला बसल्यासारखी घासाघीस करत होते, की दिवस हवेत पण आवाजासकट हवेत.

मला माझी लाज वाटली. आणि त्याच क्षणी फार बरंही वाटलं. इतकं की मी पदराने तोंड पुसलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात बोलले.

"बा देवा रवळनाथा, तू झील दिलंस, तेच्यासाठी हात जोडूचे रवले होते. ते आज जोडतंय."

पहिलं 'होय म्हाराजा' भाईंचं आलं. मग सगळ्या देवळाचं.

"ह्यो घोव दिलंस, तेच्यासाठीय जोडतंय. तेचो आवाज तुका होयो तर घेवन जा. माणूस माझ्याकडे ठेव."

"होय म्हाराजा." बायकांचेही आवाज होते त्यात.

"आनि तेका बोलूक येवचा नाय म्हणान हयसर गाऱ्हाणा बंद पडाक नको. तो नजरेन सांगात, मी बोलतलंय. तुका चलात काय ता तू बघ. माका चलात."

"होय म्हाराजा." या वेळी कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. सत्यवानाने नारळ उचलून वाढवला. भाई डोळे पुसत होते आणि हसतही होते. दोन्ही कामं त्यांना एकदम जमतात.

मी देवळाबाहेर पिंपळाच्या पारावर आले आणि भक्तीला फोन लावला. ती भांडायच्या तयारीनेच बोलू लागली. मी तिला अर्ध्यावर थांबवलं.

"गो, डॉक्टराक सांग," मी म्हटलं, "आमी येतंव."