ओढून बघ एकदा

वायोमिंगच्या त्या कॅम्पवर एक नियम सगळेच पाळत. कुणी पिकअपला कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडत असला, की त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नाही. माणूस गप्पांत रमला, एखादी पायरी विसरला, की संपलंच! आर्डिसनं हा नियम बावीस वर्षं पाळला होता. नवरा, वेंडेल, जोडायचा आणि ती कॉफीचा थर्मास धरून गप्प उभी राहायची.

पण गेल्या हिवाळ्यापासून वेंडेल विसरायला लागला होता. आधी शेजाऱ्यांची नावं, मग घराकडे वळायचा रस्ता. मुलगा बजावून थकला, "आई, बाबांना गाडी चालवू देऊ नकोस." ही कसली ऐकतेय! "एवढा एक उन्हाळा," म्हणाली. आता अकरा मैलांवर घाटाचा उतार होता आणि पाठीशी सहा टनांचं घर. उतारावर ते सुटलं तर खालून येणाऱ्यांचं काय होईल, हा विचार तिच्या डोक्यातून जात नव्हता.

वेंडेलनं पिकअप मागे घेतली. कॅम्परच्या नाकाखालचा जाड खिळा हौद्यातल्या लोखंडी जबड्यावर आला, खट्कन वाजलं. त्यानं हँडल लावलं, दिव्यांची वायर खोचली आणि कॅम्परचे पुढचे पाय वर घ्यायच्या बटणाकडे हात नेला.

अरे देवा, यानं ओढून बघितलंच नाही! कॅम्परचे ब्रेक दाबून, पाय जमिनीवर असतानाच पिकअप पुढे ओढून बघायची, म्हणजे जबड्यानं खिळा धरलाय की नाही ते कळतं. इतक्या वर्षांत त्यानं हे एकदाही चुकवलं नव्हतं.

"वेंडेल, ओढून बघ ना एकदा."

"बघितलं की मघाशी! जोडतोय ना मी? मग कशाला तोंड उघडतेस, बाई?"

"म्हातारीचा हट्ट समज. बघ."

पुटपुटत तो गाडीत बसला. पिकअप पुढे सरकली आणि कॅम्पर जागच्या जागीच राहिला. खिळा जबड्यावर नुसता टेकला होता, आत गेलाच नव्हता. तो करकरत जबड्यावरून घसरून मोकळा झाला.

वेंडेल उतरला. मोकळा खिळा बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"कुठल्या गाढवानं जोडलं हे?" तो ओरडला. "घाटात मेलो असतो आपण! आर्डिस, कुणी जोडलं?"

तो चेष्टा करत नव्हता. घाबरून, खरोखरच, उत्तराची वाट बघत होता. खरं सांगून किल्ली काढून घ्यायला हवी, हे तिला लख्ख कळत होतं. पण त्या डोळ्यांत बघून सांगायचं कसं?

"मी," ती म्हणाली. "चुकलं माझं."

त्याचा जीव भांड्यात पडला. तो हसलासुद्धा. "वेडी कुठली! यापुढे तू कशाला हात लावायचा नाहीस. घाट उतरेपर्यंत सगळं मी बघतो."

त्यानं पुन्हा सगळं जोडलं. आर्डिस किल्ली न मागताच शेजारच्या सीटवर बसली आणि तिनं पट्टा लावला.