शेवटचे तीन मैल

फ्लोरिंडा तोया एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होती. पण त्या शनिवारी मागे बसलेल्या मोठ्या माणसांनी असा कालवा केला होता, की त्यापुढे शाळेची पोरं परवडली. कारणही तसंच होतं. घळीतलं पूर्वजांचं गाव सरकारनं राष्ट्रीय उद्यान म्हणून राखीव केल्याला शंभर वर्षं झाली होती, आज तिथं सोहळा होता, आणि फ्लोरिंडाच्या आदिवासी गावातली माणसं तिथं धावत निघाली होती. बेचाळीस मैल, चौदा जण, एकेकाला तीन मैल. पूर्वजांना वाहायच्या निळ्या मक्याच्या पिठाची चामडी पिशवी या हातातून त्या हातात जात होती.

उद्यानवाल्यांनी खरं तर नाच मागितला होता. मंचावर, वीस मिनिटं. तेव्हा फ्लोरिंडाचे मामा, चौऱ्याऐंशी वर्षांचे सेलेस्तिनो, म्हणाले होते की आपल्याच आजीच्या घरी जाऊन लोकांसमोर कोणी नाचून दाखवतं का. मग धावत जायचं ठरलं.

साडेदहाला शेवटचा टप्पा आला. चौदावी होती फ्लोरिंडाची भाची रेनाटा. तिनं पिशवी घेतली, जेमतेम वीस पावलं टाकली आणि मुरमावर पाय मुरगळून खाली बसली. घोटा बघता बघता टम्म सुजला. तेरावा गडी रस्त्याकडेला आडवा झाला होता. आधीचे बारा जण बसमध्ये दुखरे पाय चोळत होते.

मामांनी मान वळवून फ्लोरिंडाकडे पाहिलं. "तू जा."

"मामा, मी बावन्न वर्षांची आहे. वीस वर्षांत धावले नाही. आणि बस कोण चालवेल?"

"बस कोणीही चालवेल," मामा म्हणाले. "तुझ्या आईला हरवलं होतंस ना शर्यतीत? वर्षभर सांगत फिरत होतीस."

रेनाटानं पिशवी तिच्याकडे दिली आणि बसल्या जागी आपले बूट काढले. "मावशी, माप एकच आहे आपलं. घाल."

पहिला मैल फ्लोरिंडाला नकोसा झाला. छाती फुटते की काय, असं तिला वाटलं. मागून बस हळूहळू येत होती आणि खिडक्यांतून सगळे तिची थट्टा करत होते, थांबे घेऊ नकोस, आज पोरं नाहीत चढायला, म्हणून. दुसऱ्या मैलावर मात्र श्वास लयीत आला. ज्युनिपरच्या झुडपांचा वास, पायाखाली तांबडी माती. रस्ता वळला आणि समोर घळीच्या कड्याला जुन्या गावाच्या भिंती दिसल्या. त्या भिंतींतल्या खिडक्यांतून कोणीतरी अशीच येणारी माणसं पाहिली असतील, असं तिच्या मनात आलं. पाय आपोआप जोरात पडू लागले.

मंचासमोर दोन-तीनशे लोक खुर्च्यांवर होते. ते उठून टाळ्या वाजवू लागले. ती थांबली नाही. मंचाला वळसा घालून सरळ भिंतींपाशी गेली, मूठभर पीठ वाहिलं आणि धापा टाकत, आपल्या भाषेत, आम्ही आलोय असं सांगितलं. तोवर बसमधले सगळे उतरून तिच्या मागे उभे राहिले होते. रेनाटा लंगडत, मामा काठीवर.

उद्यानाच्या प्रमुख बाईंनी अदबीनं ध्वनिक्षेपक पुढे केला. फ्लोरिंडाच्या हातात कोणीतरी कार्यक्रमाचा छापील कागद दिला होता. तिनं तो वाचला.

"इथं लिहिलंय, या गावातले लोक नाहीसे झाले," ती म्हणाली. "आम्ही तीस जण आलोय. मोजा हवं तर."

एक म्हातारी हसली आणि हसू सगळ्या खुर्च्यांवर पसरलं. प्रमुख बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी आपलं लिहून आणलेलं भाषण दुमडून खिशात टाकलं आणि विचारलं, "मग काय लिहायला हवं?"

"ते आमचे मामा सांगतील. त्यांना वेळ द्या, ते भराभर बोलत नाहीत."

मामा खरंच पाऊण तास बोलले. इथलं पाणी कसं आटलं, कोणतं कुळ कुठल्या वाटेनं गेलं, कुठं थांबलं. कोणी उठलं नाही. उन्हाळा संपायच्या आत घळीच्या तोंडाशी नवी पाटी लागली, दोन भाषांत, मामांच्या शब्दांत.

त्या दुपारी कड्याच्या सावलीत हिरव्या मिरचीचा रस्सा आणि भट्टीतला पाव वाढला गेला. फ्लोरिंडानं तीन वाट्या रस्सा संपवला. पाय इतके भरून आले होते की बसायचं कसं तेच कळेना. तरीही ती सगळ्यांना सांगत सुटली होती, की पुढल्या वर्षीही असंच धावत यायचं आणि शेवटचा टप्पा आपलाच, आधीच सांगून ठेवते.