नवव्या प्रश्नावरची खूण

मी एकवीस प्रश्नांचा छापील कागद आहे, आणि मला आज माझ्याविरुद्धच तक्रार करायची आहे. विद्यापीठाच्या समुपदेशन कक्षात माझी थप्पी असते. मन जड झालेला विद्यार्थी आत आला की त्याच्या हाती पाण्याच्या ग्लासाआधी मी पडतो.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या शहरातला. तिथल्या तज्ज्ञांनी आपल्याच वर्गातल्या मुलांना प्रश्न विचारले, उत्तरं ताडून पाहिली आणि मला घडवलं. माणसं वाईट नव्हती. पण डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांमधून, घरात पहिल्यांदाच विद्यापीठ पाहणाऱ्या मुलांशी त्यांच्यातलं कुणी कधी बोललं नव्हतं. माझं भाषांतर झालं, हजारो प्रती निघाल्या आणि मी सगळ्यांना सरसकट लागू झालो. हो किंवा नाही. खूण करा. खाडाखोड चालणार नाही.

एका सोमवारी अशाच एका वस्तीतली मुलगी माझ्यासमोर बसली. वनस्पतिशास्त्र, दुसरं वर्ष. तीन आठवडे तिला धड झोप नव्हती. ती स्वतःहून मदत मागायला आली होती, एवढं ध्यानात ठेवा. समुपदेशक बाई नोकरीत नवीन होत्या. त्या मला वाचत गेल्या, मुलगी उत्तरं देत गेली.

नववा प्रश्न आला. "मृत व्यक्तीचा आवाज ऐकू येतो का?"

"हो. आजीचा. चार महिन्यांपूर्वी गेली ती."

बाईंचं पेन थबकलं, मग खूण झाली. मुलगी खरं बोलली आणि अडकली.

कारण नियम असा, की नवव्याला 'हो' आलं की सक्तीची रजा. वसतिगृह सोडायचं आणि वर्षानंतर डॉक्टरांचा दाखला घेऊन यायचं. तिची परीक्षा गुरुवारी होती. बुधवारी पाचपर्यंत मी बाईंच्या सहीनिशी कुलसचिवांकडे पोचायचा होतो.

बुधवारी चारला तिची आत्या आली. वस्तीवर दाईचं काम करणारी. 'मुलीला घेऊन जा' एवढाच निरोप तिला मिळाला होता. मला न्यायला आलेला शिपाई दारातच उभा होता.

"काय केलं हिनं?" आत्यानं बाईंसमोर बसलेल्या मुलीकडे बघून विचारलं.

"मावशी, बसा आधी. हिला गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येतो."

"मलाही येतो. माझीच आई ती. आमच्यात माणूस गेलं की वर्षभर त्याच्याशी बोलतात, तेही बोलतं. ज्याला ऐकू येत नाही, त्याची आम्हाला काळजी वाटते."

शिपाई फिसकन हसला. "मग दोघींनाही पाठवा रजेवर!"

"तू दार सांभाळ बाबा, तेवढं छान जमतंय तुला." आत्या बाईंकडे वळली. "आवाज काय म्हणतो, ते विचारलंत?"

बाईंनी मला उलटसुलट पाहिलं. माझ्यात तो रकानाच नव्हता.

"जेवलीस का, म्हणून विचारते," मुलगी पुटपुटली.

"बघा! माझी मेलेली आई जेवलीस का विचारते. इथल्या जिवंत माणसांना तेवढंही सुचत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग झोप कशानं उडाली, बाळा?"

आता कुठे खरं बाहेर आलं. वसतिगृहात तिच्या खोलीत राहणाऱ्या दोघींनी तिचं आजीशी बोलणं मोबाइलवर टिपलं आणि खाणावळीत सगळ्यांना ऐकवलं. 'रानटी' हे नाव पडलं. तेव्हापासून तिनं खाणावळ सोडली आणि आजीला उत्तर देणंही बंद केलं.

माझ्या एकवीस प्रश्नांत 'तुला इथे कोण छळतं?' हा प्रश्न नाही. मला तज्ज्ञांनी घडवलंय म्हणे!

पावणेपाच झाले. बाईंनी मला पालथं घातलं आणि कोऱ्या बाजूवर सगळं भराभर लिहिलं.

"बाई, सही?" शिपायानं हात पुढे केला.

"करणार नाही."

"साहेब भडकतील."

"भडकू देत. मागची बाजू वाचायला सांग त्यांना."

साहेबांनी ती वाचली नाही. 'मागील मजकूर ग्राह्य नाही', असा शेरा मारून मला परत पाठवलं. पण सहीशिवाय रजेचा आदेश निघेना. गुरुवारी मुलीनं पेपर दिला. दोन्हीकडच्या न्यायाचा वेग पाहा: बाईंकडे त्याच दिवशी खुलासा मागितला गेला आणि त्या मोबाइलची चौकशी अजून 'विचाराधीन' आहे.

मी आता 'अपूर्ण' लिहिलेल्या फायलीत आहे. बाईंनी विनवल्यावरून आत्या दर बुधवारी येते. वस्त्यांवरची मुलं तिच्याशी आपल्या बोलीत बोलतात, रडतात, हसतातही. बाई शेजारी बसून शिकतात. मात्र बाहेरच्या व्यक्तीला खोली देता येत नाही, म्हणून हे सगळं जिन्याच्या पायऱ्यांवर चालतं.

कुलसचिव साहेब, मी तुमच्याच कचेरीचा कागद, तेव्हा माझं तरी ऐका. मला हवं तर रद्दीत घाला, पण त्या आत्याला आत बोलवा, खुर्ची द्या, रीतसर पद द्या. परवा पायऱ्यांवर तिच्याभोवती अकरा मुलं बसली होती. आत माझ्या थप्पीपुढे एकही नव्हतं.