तीन नंबरचा रोड

काशिनाथाने त्या महिन्यात चौथ्यांदा रूळ उपटले, तेव्हा विमलाने हातातलं सूप खाली ठेवलं आणि ती काजूच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

खोली आता नावालाच काजूची राहिली होती. पूर्वी हंगामात वाळवलेल्या बियांची पोती तिथे रचत. आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवुडचं मेज होतं आणि त्यावर रेल्वे. काशिनाथ निवृत्त झाला त्या वर्षी मुलाने, सर्वेशने, बेंगळुरूहून एक खोकं पाठवलं होतं. त्यात एक डिझेल इंजिन, तीन डबे आणि गोल फिरणारे रूळ होते. खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशीपट लहान. सतरा मीटरचं इंजिन इथे वीतभर. बाबांचा वेळ जाईल, एवढाच त्याचा हेतू. वेळ गेलाच. दोन वर्षांत त्या रुळांभोवती स्टेशन उभं राहिलं, पूल झाला, जांभ्याची खाण झाली. आणि दिवाळीनंतर काशिनाथाने जाहीर केलं की आता लोको शेड करायचं.

इंजिनं कामावरून परत आली की जिथे त्यांच्यात डिझेल आणि वाळू भरतात, जिथे त्यांची तपासणी-दुरुस्ती होते, ते शेड. घाटावरच्या अशाच एका शेडात काशिनाथाने एकतीस वर्षं काढली होती. आधी फिटर म्हणून, शेवटी पाळीचा मुख्य म्हणून. स्टेशन त्याने फोटो बघून केलं होतं. शेड त्याला डोळे मिटून करता यायला हवं होतं.

सुरुवात झालीही झपाट्याने. इंजिन फिरवायचं टर्नटेबल त्याने बिघडलेल्या मायक्रोवेव्हच्या मोटरवर बसवलं. ती मोटर मनाला येईल तशी कधी डावीकडे फिरे, कधी उजवीकडे. तरी त्याने ते चालवून घेतलं. शेडातली जमीन तेलाने काळी असते, म्हणून करवंटीचा कोळसा कुटून तो डिंकात कालवून पसरला. माडाच्या झावळीतल्या हिरांचे डिझेलचे पाइप झाले. पत्र्याचं छप्पर पुठ्ठ्याचं झालं. मग शेडाच्या आतले चार रोड, म्हणजे इंजिनं उभी करायचे चार मार्ग, टाकायची वेळ आली, आणि गाडं अडलं.

काशिनाथ रूळ टाकायचा, चार दिवस बघत राहायचा, उपटायचा. कधी वळण आवळ झालं म्हणायचा, कधी दोन रुळांतलं अंतर कमी पडलं. मधेच उठून विहिरीवरचा पंप बघून यायचा. कारण नसताना फोंड्याच्या बाजारात जाऊन रिकाम्या हाताने परत यायचा. जेवताना अर्ध्या भातावरून उठून हात न धुताच खोलीत जाऊन उभा राहायचा. डिसेंबरच्या थंडीतही त्याच्या बनियनला घाम असे.

"परत काढलात?" विमला म्हणाली.

"जागा कमी पडता."

विमलाने मेजावरची वही उचलली. त्यात शेडाचे पाच नकाशे होते, पाचही वेगवेगळे. प्रत्येकात रोडला आकडे घातलेले. एक, दोन, चार. पुढच्या पानावरही एक, दोन, चार. एका नकाशात तिसऱ्या रेघेचं खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं.

"आणि तीन नंबर खंय गेलो?"

काशिनाथाने पक्कड खाली ठेवली, पुन्हा उचलली. "तुका म्हायत आसा," तो म्हणाला.

तिला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून तिने ते कधीच ऐकलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका दुपारी, त्या शेडाच्या तीन नंबर रोडवर एक इंजिन उभं होतं. रुळांच्या मधे खोल चर असतो, त्याला पिट म्हणतात. त्यात उतरून माणसं इंजिनाचं पोट तपासतात. शिवा तिथे ब्रेक बघत होता. इन्सुलीचा शिवा, काशिनाथाच्या बरोबरच नोकरीला लागलेला, वीस वर्षं एका डब्यात जेवलेला. खाली माणूस असल्याचा लाल बोर्ड इंजिनावर टांगलेला होता. दुसरं एक इंजिन आत घ्यायचं होतं, वरून फोनवर फोन येत होते, आणि काशिनाथ इंजिन हलवणाऱ्या शंटरला म्हणाला, 'तीन नंबरात घे, मोकळो आसा.' मोकळा दोन नंबर होता. मागून धक्का बसून उभं इंजिन दोन-अडीच हात सरकलं. शिवा त्याच क्षणी पायऱ्या चढून बाहेर येत होता आणि त्याचा उजवा पाय रुळावर होता.

चौकशी झाली, काशिनाथाला खात्याकडून शिक्षा झाली, भोगून संपली. शिवाने नोकरी सोडली आणि तो गावी गेला. त्यानंतर दोघांची गाठ नाही.

"हयसून इन्सुलीक जावक किती वेळ लागता?" विमलाने विचारलं.

"कित्याक?"

"तेका विचारा तीन नंबर कसो होतो तो. तुमका आठवणा नाय तर तेका आठवत असतला."

काशिनाथ पुन्हा रुळांकडे वळला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, वही पिशवीत टाकली, आणि पिटाच्या पायऱ्यांचं माप विचारून येतो म्हणून निघाला.

कणकवलीला तो उतरला तो उलटा फिरायच्या बेतानेच. स्टँडवर उभ्याउभ्या दोन चहा प्यायला. फोंड्याची गाडी लागली, तिच्या पायरीवर त्याने पाय ठेवला, मग मागच्या बाईला आधी चढू द्यायच्या निमित्ताने बाजूला झाला, आणि गाडी त्याच्यावाचून गेली. सावंतवाडीच्या गाडीत तो बसला तेव्हा त्याला उभं राहावंसं वाटत होतं. सावंतवाडीहून रिक्षा केली. इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती. रिक्षावाला तिथेच थांबला, आणि उरलेलं अंतर काशिनाथ जवळजवळ धावत गेला.

शिवाची काजूच्या कलमांची नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांत रोपं लावलेली आणि मधे स्टुलावर शिवा, चाकूने काडी तासत बसलेला. केस पूर्ण पांढरे झाले होते. पॅन्टच्या उजव्या टोकाशी कृत्रिम पायाचा बूट होता, डाव्या पायात चप्पल.

"सावित्री," त्याने मान वर न करता बायकोला हाक मारली, "पाणी हाड गो. फोंड्याचो मुख्य इलो हा."

काशिनाथ समोरच्या उलट्या घातलेल्या बादलीवर बसला. कसा आहेस, असं काही विचारायचं सोडून त्याने वही काढली आणि शेडाचं सांगत सुटला. टर्नटेबल, करवंटीचा कोळसा, हिरांचे पाइप. शिवा ऐकत होता आणि काडी रोपात बसवून प्लास्टिकची पट्टी गुंडाळत होता. पट्टीचा एकही वेढा सैल नव्हता. शेवटी त्याने हात पुसले आणि वही घेतली.

"पायऱ्यो ह्या बाजूक नाय. थंयच्या बाजूक होत्यो, गेटाकडे. सात पायऱ्यो." त्याने पान उलटलं. अजून एक उलटलं. "तीन नंबर खंय?"

"घालूक होणा नाय माका."

शिवाने वही मिटली.

"लाल बोर्ड माझ्या समोर होतो, शिवा," काशिनाथ म्हणाला. "मी बघलंयच नाय. चौकशीत सांगितलंय की बोर्ड दिसणारो नव्हतो. दिसणारो होतो."

"म्हायत आसा माका. मीच टांगलेलंय तो." शिवाचा आवाज चढला नाही, पण चाकू त्याने जरा जोरात मातीत खुपसला. "पाय गेलो तेचो राग चार-पाच वर्सांत गेलो माझो. काम करताना चूक होता, माझ्या हातसून पण झाल्यो. पण तू हॉस्पिटलात दारापर्यंत इल्लंस. निळो शर्ट होतो तुझो."

काशिनाथाने मान वर केली. "तू निजललंस."

"जागो होतंय. डोळे मिटून घेतलंय. म्हटलंय, हाक मारतलो, मगे उघडूया. तू थोडो वेळ उभो रवलंस आणि गेलंस. तेच्या मागसून अकरा वर्सां गेली. तो राग आसा अजून. खोटां कित्याक सांगू?"

सावित्री पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. तो तिने दोघांच्या मधे ठेवला आणि ती आत गेली. रस्त्यावर ट्रक सुटायला लागले होते. काशिनाथाला उठून चालायला लागावंसं वाटत होतं, कुठेही. त्याने बादलीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"माका लाज वाटा होती," तो अखेर म्हणाला.

"वाटाकच होयी." शिवाने पुढचं रोप ओढलं. "तीन नंबर घाल. मगे येतंय बघूक. नायतर येवचंय नाय."

तो आठवडा काशिनाथाने खोलीबाहेर पाय ठेवला नाही. पिटासाठी प्लायवुड आरपार कापावं लागलं. पिटाच्या भिंती आईस्क्रीमच्या काड्यांच्या केल्या, गेटाच्या बाजूला सात पायऱ्या केल्या. त्या एवढ्याशा होत्या की सुईच्या टोकाने डिंक लावावा लागला. दोनदा पायऱ्या कोसळल्या, तिसऱ्यांदा बसल्या. शिवाय रुळाला एका जागी करवतीने फट पाडली. फटीपलीकडच्या तीन नंबरला वीज फक्त वेगळ्या बटनातून मिळणार. बटन बंद असेल तर बाहेरून येणारं इंजिन फटीशीच मरून थांबेल, आत शिरणार नाही. ते बटन त्याने इतर बटनांच्या शेजारी, मुख्य फळीवर, आपल्या हाताशी बसवलं.

रविवारी शिवा आणि सावित्री आली. सावित्रीने दोन कलमं आणली होती. ती लावायला जागा बघत सावित्री आणि विमला परसात गेल्या. शिवा मेजाभोवती दोन फेऱ्या फिरला. टर्नटेबलाचं बटन दाबलं, ते उलटं फिरलं तसा हसला. मग तीन नंबरशी आला आणि वाकून कितीतरी वेळ पिटात बघत राहिला. काशिनाथ त्याच्या मागे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता.

"उजेड नाय पिटात," शिवा म्हणाला. "आमच्या पिटात दिवे होते."

"घालतंय."

"आणि ह्या बटन हयसर कित्याक? तुझ्या हातात?"

"सगळी बटनां हयसरच आसत."

"ह्या नको. खाली माणूस आसा, तेच्या हाताक लागाक होया. इंजिन आत घेवचा की नाय ता तो ठरवतलो. वर बसलेलो नाय."

काशिनाथाने लगेच स्क्रू काढायला घेतले. शिवा ऐकेना, वायर मीच जोडतो म्हणाला. बुटाचा पाय लांब पसरून तो बटन घेऊन मेजाखाली सरकला, आणि काशिनाथाने वरून सोल्डरिंगची बंदूक दिली. पिटाच्या भोकातून शिवाची दोन बोटं वर दिसत होती, वायर धरलेली.

"झाला," खालून आवाज आला. "बटन चालू केलंय. आण इंजिन आत."

इंजिन शेडाच्या तोंडाशी उभं होतं. काशिनाथाचा हात कंट्रोलरवर होता. त्याने तो काढून घेतला.

"भायर ये आधी."

"अरे बघतंय मी, करंट येता की नाय ता. चालव."

"नाय."

"बारा व्होल्ट आसा रे तां. खेळणां आसा!"

"आसां दे," काशिनाथ म्हणाला. "तू भायर ये. माका दिस. उभो रव. मगे."

पिटातली दोन बोटं खाली गेली. मग शिवा सरकायला लागला. एक हात टेकून, कंबर वळवून, बुटाचा पाय ओढत. त्याला बाहेर यायला बराच वेळ लागला. काशिनाथ दोन्ही हात मागे बांधून उभा होता. त्याने घाई केली नाही, आणि आधाराला हातही दिला नाही, कारण शिवाने मागितला नव्हता. मेजाची कड धरून शिवा उभा राहिला. गुडघ्यांवरचा भुसा झटकला. त्याचे डोळे ओले झाले होते, पण त्याने ते पुसले नाहीत.

"इलंय भायर," तो म्हणाला. "आता घे."

काशिनाथाने कंट्रोलर फिरवला. इंजिन फटीवरून पुढे आलं, सात पायऱ्यांवरून गेलं आणि पिटाच्या बरोबर वर थांबलं. शिवाने वाकून बटन बंद केलं.

जेवणं झाल्यावर काशिनाथ त्या दोघांना स्टँडवर सोडायला निघाला. सवयीने तो चार पावलं पुढे जाई, मग थांबून मागे बघे. बाजाराच्या वळणापर्यंत असं तीनदा झालं. शेवटी तो शिवाच्या बाजूला आला आणि त्याच्या पावलाने चालू लागला. जमत नव्हतं नीट. पाय सारखे पुढे पळू बघत होते.

"वाळू भरूचो टॉवर चुकीच्या बाजूक घातलंस," शिवा वाटेत म्हणाला.

"बरोबर आसा तो."

"चुकीचो आसा. पुढच्या रविवारी येतंय, दाखवतंय."

गाडी आली. सावित्रीने खिडकीची जागा धरली. काशिनाथाने खालून हात वर केला. शिवा पिशवी वरच्या फळीवर ठेवत होता, त्याचं लक्ष नव्हतं. गाडी कणकवलीच्या रस्त्याला लागली तरी काशिनाथ तिथेच उभा राहिला, आणि टॉवर नक्की कुठल्या बाजूला होता ते आठवू लागला.